घाट आणि गल्ला : एस्प्लनेडवरील अपूर्व वस्तूंच्या दुकानांचा इतिहास

एखाद्या शहराचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः दस्तऐवज, इमारती, राजकीय चळवळी आणि थोर पुरुषांची चरित्रे यांकडे वळतो. दुकान त्याच्या दृष्टीस क्वचितच पडते; आणि पडले तरी कापडाचे, ज्यूटचे किंवा चहाचे, म्हणजे ज्याची उलाढाल आकड्यांत मांडता येते असे. ज्या दुकानात कोणाच्याही रोजच्या गरजेची एकही वस्तू मिळत नाही, जेथे गिऱ्हाईक बहुधा एकदाच येते आणि जेथील मालाला ठरलेला भाव नसतो, त्या दुकानाला इतिहास असू शकतो असे आपणांस सहसा वाटत नाही. बंदराच्या शहरांतील क्युरिओंची दुकाने अशी आहेत. ‘क्युरिओ’ या शब्दाला आपण ‘नवलाईची वस्तू’ किंवा ‘अपूर्व वस्तू’ म्हणू. परंतु अपूर्वता हा वस्तूचा गुण नसून पाहणाऱ्याच्या अंतराचा गुण आहे, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात घ्यावयास हवी. कृष्णनगरच्या कुंभाराला मातीची बाहुली अपूर्व वाटत नाही. ती अपूर्व होते ती घाटावर, जहाजावर चढणाऱ्या माणसाच्या हातात. कारागीर आणि प्रवासी यांच्यामधील हे अंतर ज्या गल्ल्यावर रुपयांत मोजले जाते, तो गल्ला बहुधा एखाद्या कुटुंबाचा असतो.

कलकत्त्यातील एस्प्लनेड हे या व्यवहाराचे जुने स्थान होय. मराठी वाचकाला हा शब्द नवा नाही. मुंबईच्या कोटाबाहेरील मोकळ्या मैदानालाही एस्प्लनेडच म्हणत, आणि आजचा महात्मा गांधी मार्ग हा एकेकाळचा एस्प्लनेड रोड. दोन्ही शहरांत या शब्दामागे एकच लष्करी गरज होती. किल्ल्याच्या तोफांना मारा करण्यासाठी समोरची जमीन मोकळी लागे. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ पासून, इंग्रजांनी गोविंदपूर गावाच्या जागी नवा फोर्ट विल्यम उभारावयास घेतला. गाव हलविले, जंगल तोडले आणि त्यातून मैदान निर्माण झाले. या मैदानाच्या उत्तर कडेने, हुगळीच्या काठावरील चांदपाल घाटापासून पूर्वेला धर्मतल्ल्यापर्यंत जो रस्ता गेला तो एस्प्लनेड रो. आज ‘एस्प्लनेड’ म्हटले की ट्रामचा डेपो आणि चौरंगीचा चौक डोळ्यांसमोर येतो आणि नदीचे स्मरण होत नाही. परंतु मुळात हा रस्ता नदीपासून निघत होता, आणि त्याचे पहिले पाऊल घाटाच्या पायरीवर होते.

त्या घाटाचे नावच एका दुकानदाराचे आहे. जुन्या शहरवर्णनांत सांगितले जाते की, चंद्रनाथ पाल नावाच्या माणसाचे तेथे किराण्याचे लहानसे दुकान होते; नावाडी आणि वाटसरू त्याच्याकडे थांबत, आणि त्यावरून घाटाला चांदपाल घाट हे नाव पडले. १७७४ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचे नवे न्यायाधीश आणि कौन्सिलचे नवे सभासद याच घाटावर उतरले. आपल्याला एकवीस तोफांऐवजी सतराच तोफांची सलामी मिळाली, याचा कौन्सिलच्या सभासदांना फार राग आला, आणि वॉरन हेस्टिंग्जशी पुढे जे वैर जडले त्याची पहिली ठिणगी तेथेच पडली असे इतिहासकार सांगतात. या प्रसंगातील मोठी माणसे इतिहासाच्या पुस्तकांत गेली. घाटावर नाव मात्र राहिले ते वाण्याचे. त्याच्या मागेपुढे कोण होते, दुकान किती पिढ्या चालले, हे आज सांगता येत नाही. तरीही नदीकाठच्या एका घरगुती दुकानाने शहराच्या प्रवेशद्वारास आपले नाव दिले, ही घटना लहान नव्हे. या इतिहासाच्या आरंभी दुकानदाराचे नाव टिकले आहे. पुढे मात्र नावे टिकण्याचा आणि पुसण्याचा व्यवहार इतका सरळ राहत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस घाटावरून दोन दिशांनी वस्तू जात. विलायतेहून आलेला माल ‘युरोप शॉप’ म्हणविणाऱ्या दुकानांत व लिलावघरांत विकला जाई. चार्ल्स डॉयली या सनदी अधिकाऱ्याने काढलेल्या चित्रांत टेलर आणि कंपनीचे कलकत्त्यातील भव्य भांडार आपणांस दिसते : झुंबरे, आरसे, पुतळे, आणि त्यांच्यामधून हिंडणारे साहेब व मडमा. येथे विलायतेतील नित्याची वस्तू हिंदुस्थानात येऊन अपूर्व झालेली होती. उलट दिशेचा व्यवहार अधिक विखुरलेला होता. पेटारे घेऊन बंगल्याबंगल्यांतून फिरणारे विक्रेते व्हरांड्यात सतरंजी पसरून माल मांडत. कालीघाटच्या देवळाभोवती पटुए एका-दोन पैशांत पट विकत. हस्तिदंताच्या आणि मातीच्या वस्तू दलालांच्या हातून येत. १८२२ मध्ये कलकत्त्यास आलेल्या फॅनी पार्क्स या बाईने चोवीस वर्षांच्या काळात मूर्ती, शस्त्रे, दागिने, कवट्या आणि काय काय जमवून आपल्यापुरते एक संग्रहालयच उभे केले. तिच्या प्रवासवर्णनात खरेदीचा आनंद जागोजागी आहे. ज्यांच्याकडून घेतले त्यांची नावे मात्र क्वचितच आढळतात.

तथापि याच काळात एक वेगळा दाखला सापडतो. अमेरिकेतील सेलम या बंदराचे कप्तान कलकत्त्याशी व्यापार करीत. त्यांनी १७९९ मध्ये ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’ नावाची संस्था स्थापन केली आणि दूरदेशीच्या अपूर्व वस्तूंचा संग्रह सुरू केला. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून गेलेल्या कप्तानांना व माल-अधिकाऱ्यांनाच तिचे सभासदत्व मिळे. या संग्रहात कलकत्त्याच्या बनियांच्या, म्हणजे अमेरिकन व्यापाऱ्यांचे व्यवहार पाहणाऱ्या बंगाली दलालांच्या, पुरुषभर उंचीच्या मातीच्या प्रतिमा पोचल्या. दुर्गाप्रसाद घोष, राजकृष्ण मित्र ही त्यांपैकी काहींची नावे. अंगावर खरी वस्त्रे आणि चेहऱ्यावर ओळखीचे भाव असलेल्या या प्रतिमा कृष्णनगरच्या श्रीराम पालाच्या हातच्या मानल्या जातात. येथे तिन्ही नावे एकत्र आली आहेत : घेणाऱ्याचे, ज्याची प्रतिमा त्याचे आणि घडविणाऱ्याचे. याचे कारण उघड आहे. व्यवहार मैत्रीतून झाला होता. वस्तू गल्ल्यावरून गेली नव्हती.

श्रीराम पाल हा कृष्णनगरच्या घूर्णी वस्तीतील कुंभार घराण्यांपैकी एक. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या मातीच्या मूर्ती गेल्या, आणि त्यानंतर युरोपात जेथे जेथे मोठी प्रदर्शने भरली तेथे घूर्णीची माती पोचत राहिली. शेतकरी, भिश्ती, साधू, न्हावी, साहेबाच्या घरचा खानसामा अशा वितभर उंचीच्या बाहुल्या कलकत्त्यास उतरलेला प्रत्येक प्रवासी घेऊ लागला. पुण्याच्या व लखनौच्या बाहुल्यांचीही त्या काळी अशीच ख्याती होती. पुढच्या पिढीतील यदुनाथ पालाने आकाराने मोठ्या व बारकाव्याने अधिक अचूक मूर्ती केल्या. १८८३-८४ मध्ये कलकत्त्यातच आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले तेव्हा ते चौरंगीवरील संग्रहालयाच्या परिसरात व समोरच्या मैदानात मांडलेले होते. म्हणजे एस्प्लनेडच्या दारातच. या प्रदर्शनांच्या कामाशी संबंधित असलेले त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय हे बंगाली साहित्यात ‘कंकावती’चे लेखक म्हणून प्रसिद्ध आहेत, परंतु हस्तकलांच्या इतिहासात त्यांचे १८८८ चे भारतीय कलाकारागिरीवरील इंग्रजी पुस्तक अधिक मोलाचे ठरते. त्यात कोणत्या गावी काय होते, कोण करतो आणि कोणत्या किमतीस मिळते, हे त्यांनी नोंदविले. दुकानाच्या वहीत जे नसे ते सरकारी सूचीत आले.

त्रैलोक्यनाथांना स्वतःलाच एक विलक्षण अनुभव घ्यावा लागला. १८८६ च्या लंडन येथील वसाहतींच्या प्रदर्शनास ते गेले असता प्रेक्षक वस्तूंपेक्षा त्यांनाच न्याहाळू लागले. त्या प्रदर्शनात ‘हिंदी कारागीर’ म्हणून जी माणसे बसविली होती, त्यांतील अनेकांनी आपली कला आग्ऱ्याच्या तुरुंगात शिकलेली होती. माणूसच अपूर्व वस्तू झाल्याचा याहून उघड पुरावा मिळणे कठीण. राणी व्हिक्टोरियाने त्यांपैकी काहींची चित्रे रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून काढवून घेतली, म्हणून बक्षीराम नावाच्या वृद्ध कुंभाराचा चेहरा आज आपणांस ठाऊक आहे. त्याने घडविलेली भांडी कोणाच्या घरी गेली हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

मुर्शिदाबादच्या हस्तिदंत-कारागिरांची कथा याच सूत्राशी जोडलेली आहे. या कारागिरांना भास्कर म्हणत. त्यांच्यात तुलसी नावाच्या पूर्वजाची आख्यायिका सांगतात. नवाबाच्या नोकरीत असताना तो तीर्थयात्रेसाठी पळून गेला आणि सतरा वर्षांनी परतला. मधल्या काळात जुना नवाब मरण पावला होता. नव्या नवाबाने त्याला वडिलांची प्रतिमा घडविण्यास सांगितले, आणि ती त्याने केवळ स्मरणाने इतकी हुबेहूब घडविली की सतरा वर्षांचा सगळा पगार त्याच्या पदरात पडला. आख्यायिकेचा शब्दशः खरेपणा बाजूला ठेवला तरी तिच्यात या धंद्याचे मर्म आहे. कारागिराची खरी मालमत्ता म्हणजे त्याची स्मृती. नवाबी ओसरली, आश्रयदाते गेले, आणि भास्करांच्या हातचे हत्ती, बैलगाड्या व मयूरपंखी नावा दरबाराऐवजी कलकत्त्याच्या दुकानांत येऊ लागल्या. तेथे त्या ‘मुर्शिदाबाद काम’ झाल्या. व्यक्तीचे नाव जाऊन गावाचे नाव राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुकान घाटापासून हळूहळू दूर सरकले. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि प्रवास आठवड्यांचा झाला. १८७४ मध्ये हावड्याचा तरता पूल झाला. १८९२ मध्ये खिदिरपूरची गोदी सुरू झाली आणि मोठी जहाजे चांदपाल घाटासमोर नांगर टाकीनाशी झाली. उतारू आता घाटावरून नव्हे, तर हॉटेलातून बाहेर पडून खरेदी करू लागला. डेव्हिड विल्सनने १८४० च्या सुमारास काढलेले ऑकलंड हॉटेल पुढे ग्रेट ईस्टर्न झाले. चौरंगीवर अराथून स्टीफन या इस्फहानहून आलेल्या आर्मेनियन गृहस्थाने ग्रँड हॉटेल उभारले. तो मूळचा जवाहिऱ्या होता हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. १ जानेवारी १८७४ रोजी उघडलेला आणि १९०३ पासून सर स्टुअर्ट हॉग यांच्या नावाने ओळखला जाणारा महापालिकेचा बाजार, म्हणजे लोकांच्या तोंडचे न्यू मार्केट, येथून हाकेच्या अंतरावर होता. १९०२ मध्ये एस्प्लनेड ते खिदिरपूर विजेची ट्राम सुरू झाली आणि गोदीतून थेट दुकानाच्या दारात येण्याची सोय झाली. अशा रीतीने नदीकाठचे दुकान नदी सोडूनही नदीवरच जगत राहिले. जहाजांचे वेळापत्रक हेच त्याचे पंचांग होते. हिवाळा हा त्याचा सुगीचा हंगाम, आणि पावसाळा हा वस्तू पुसून ठेवण्याचा.

असे दुकान कुटुंबाचेच का असे, याची कारणे धंद्याच्या स्वरूपात आहेत. मालाला ठरलेला भाव नसल्याने गल्ल्यावर विश्वासाचा माणूस लागतो. वस्तू वर्षानुवर्षे पडून राहते; तिच्यात गुंतलेले भांडवल धीराचे असावे लागते, आणि घरच्या पैशाइतका धीर कर्जाच्या पैशाला नसतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. वस्तू कोठून आली, केव्हा आली, खरी किती आणि नंतर जोडलेली किती, हे ज्ञान पुस्तकांत नसते. ते बाप मुलाला वस्तू हातात देऊन शिकवितो : कांस्याचे वजन, जुन्या लाकडाचा वास, हस्तिदंतावरील रेषांचे जाळे आणि हाडावरील ठिपके यांतील फरक. हे शिक्षण दहा-पंधरा वर्षांचे असते आणि त्याला प्रमाणपत्र नसते. सिंधमधील हैदराबादच्या व्यापाऱ्यांनी, ज्यांना सिंधवर्की म्हणत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माल्टा, पोर्ट सैद, सिंगापूर, योकोहामा अशी आगबोटींच्या वाटेवरील बंदरे क्युरिओ व रेशमी मालाच्या दुकानांनी जोडली. त्यांच्या विस्ताराचा पायाही घराणे आणि ज्ञातीचा विश्वास हाच होता. मुंबईत अपोलो बंदराच्या आसपास हाच व्यवहार फुलला. तेथील रीगल चित्रपटगृहासमोरचे फिलिप्स हे जुन्या वस्तूंचे दुकान आपला आरंभ १८६० पासून सांगते. बंदरे वेगळी असली तरी गल्ल्याची रीत एकच होती.

या व्यवहाराकडे स्वदेशीच्या काळात प्रथमच टीकेच्या दृष्टीने पाहिले गेले. या संदर्भात मराठी वाचकाने सखाराम गणेश देउस्करांचे स्मरण ठेवावयास हवे. देवघरजवळील करौं येथे १८६९ मध्ये मराठी कुटुंबात जन्मलेल्या आणि कलकत्त्यात राहून बंगालीत लिहिणाऱ्या या लेखकाने १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ प्रसिद्ध केले. देशी उद्योगांची कशी वाताहत झाली याची आकडेवारीनिशी मांडणी करणारे ते पुस्तक सरकारने १९१० मध्ये जप्त केले. देउस्करांच्या प्रतिपादनाच्या प्रकाशात क्युरिओचे दुकान निराळे दिसू लागते. ज्या कारागिराचे कापड आणि भांडी बाजारातून हद्दपार झाली, त्याच्याच हातची शोभेची वस्तू काचेच्या कपाटात मानाने बसविण्यात आली. उपयोग नाहीसा झाला आणि कुतूहल उरले. सरलादेवी चौधुराणींनी १९०३ मध्ये कलकत्त्यात ‘लक्ष्मीर भांडार’ काढले त्यामागील प्रेरणा नेमकी याच्या उलट होती. देशी वस्तू देशी घरात वापरली जावी, तिला नवलाईचे नव्हे तर नित्याचे स्थान मिळावे, हा तिचा अर्थ. पुढे अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ ठाकुरांच्या वर्तुळात जुन्या चित्रांचा आणि कारागिरीचा जो आदर वाढला, त्याने बंगाली सुशिक्षितांनाच या दुकानांचे गिऱ्हाईक केले. ज्या कालीघाट पटांकडे शिष्ट लोक तुच्छतेने पाहत, ते जपण्याचे कार्य मात्र बऱ्याच अंशी परक्या संग्राहकांनी केले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दहा वर्षे शिकविलेले लॉकवुड किपलिंग यांनी जमविलेले पट त्यांच्या पुत्राने १९१७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास दिले, हे त्याचे एक उदाहरण.

दुसऱ्या महायुद्धाने एस्प्लनेडला कधी नव्हे अशी गर्दी दिली, आणि याच काळात या धंद्यापुढील नैतिक प्रश्नही सर्वांत तीव्र झाला. १९४२ नंतर अमेरिकन व ब्रिटिश सैनिक चौरंगीवर हजारोंनी हिंडू लागले. त्यांच्यासाठी शहराची मार्गदर्शिका छापली गेली; क्लाइड वॉडेल या सैनिकी छायाचित्रकाराने त्या शहराच्या साठ छायाचित्रांचा संग्रह केला; यामिनी रायांची चित्रे या परदेशी तरुणांनी घरी नेली. सैनिकाच्या खिशात पगार होता आणि उद्याची खात्री नव्हती. अशा माणसाइतके चांगले गिऱ्हाईक या धंद्याला मिळत नाही. परंतु त्याच पदपथावर १९४३ च्या दुष्काळात खेड्यांतून आलेली माणसे अन्नावाचून मरत होती. बंगालच्या घराघरांतून पितळी भांडी, कांस्याची ताटे, चांदीचे पैंजण विकले गेले, आणि त्यांची वाट शेवटी शहराकडेच जात होती. दुष्काळात विकलेला पैंजण आणि हौसेने विकलेला पैंजण यांत डोळ्यांना काही भेद दिसत नाही. तो भेद फक्त विकत घेणाऱ्याला ठाऊक असतो, आणि तो बोलला नाही तर वस्तूबरोबर तिचे दुःखही निनावी होते.

स्वातंत्र्यानंतर दुकानांत येणारा माल बदलला. इंग्रज कुटुंबे सामान विकून परतली. १९५३ च्या कायद्याने पश्चिम बंगालमधील जमीनदारी संपली आणि उत्तर कलकत्त्याच्या वाड्यांतील झुंबरे, बेल्जियन आरसे, घड्याळे व संगमरवरी पुतळे लिलावास निघाले. बगदादी ज्यू समाज हळूहळू देशांतरास गेला. १९६२ च्या युद्धानंतर अनेक चिनी कुटुंबांनी शहर सोडले. ज्यांनी कलकत्ता सोडले त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तू रसेल स्ट्रीटवरील लिलावघरांत आणि न्यू मार्केटच्या गाळ्यांत साचल्या. त्या लिलावघरांपैकी १९४० मध्ये स्थापन झालेल्या व एकाच कुटुंबाने चालविलेल्या रसेल एक्स्चेंजवर २०१४ मध्ये माहितीपटही निघाला. शंभर वर्षांपूर्वी डॉयलीच्या चित्रातील भांडारात जो विलायती माल नवा म्हणून मांडलेला होता, तोच आता जुना म्हणून परत आला. घाटावरून आत आलेली वस्तू तीन-चार पिढ्या शहरात राहून पुन्हा गल्ल्यावर आली आणि या वेळी ती हिंदी अपूर्व वस्तू ठरली.

यानंतरचा निर्णायक बदल कायद्याने घडविला. १९७२ चा पुरातन वस्तू व कलाकोश कायदा १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा कारागिरीची वस्तू देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तीला मज्जाव झाला. अशा वस्तूंच्या व्यापाऱ्यास परवाना आणि ठराविक वस्तूंना नोंदणी आवश्यक ठरली. देवळांतून मूर्ती चोरीस जात होत्या आणि परदेशी लिलावांत उघड विकल्या जात होत्या; तेव्हा या कायद्याची गरज निर्विवाद होती. त्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पुढील दुरुस्त्यांनी, १९८६ मध्ये देशी आणि १९९१ मध्ये आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद केला. हत्ती वाचविण्यासाठी ते अपरिहार्य होते. परंतु मुर्शिदाबादच्या भास्करांना चंदन, लाकूड आणि शोला यांकडे वळावे लागले, आणि एका सामग्रीभोवती पिढ्यान्पिढ्या साठलेले ज्ञान निराधार झाले. कायदा वस्तूचा उगम कागदावर मागतो. या दुकानांत तो उगम कागदावर कधी नव्हताच. तो आजोबांच्या आठवणीत होता. ज्या दुकानदारांनी या मौनाचा आडोसा घेऊन चोरीचा माल खपविला त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. पण प्रामाणिक दुकानदारालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे साधन उरले नाही, हीही वस्तुस्थिती आहे.

एस्प्लनेडच्याच परिसरातील बोर्न अँड शेफर्ड या छायाचित्रसंस्थेचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १८६० च्या दशकापासून तिने हिंदुस्थानातील स्थळांची छायाचित्रे प्रवाशांना विकली. तीही एका अर्थी कागदावरील अपूर्व वस्तूच. १९९१ च्या आगीत तिच्या संग्रहाचा मोठा भाग जळाला आणि २०१६ मध्ये ती बंद झाली. तरीही तिच्या प्रत्येक छायाचित्रावर नाव आणि क्रमांक असल्याने जगभरच्या संग्रहालयांतून तिचा इतिहास पुन्हा जुळविता येतो. मातीच्या बाहुलीवर, हस्तिदंती नावेवर किंवा पितळी दिव्यावर असा क्रमांक नसतो. त्या वस्तूंचे दुकान बंद झाले की त्यांचा इतिहास आग न लागताच नाहीसा होतो.

२०२४ मध्ये हावडा मैदान ते एस्प्लनेड ही मेट्रो हुगळीच्या तळाखालून धावू लागली. नदी ओलांडणाऱ्याला आता घाट दिसत नाही, नाव लागत नाही आणि वाटेत थांबावयास दुकानही लागत नाही. प्रवासाच्या साधनांनी बाजाराची जागा बदलणे हा इतिहासाचा नित्यक्रम आहे. त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो नोंदीचा. आपल्या ग्रंथालयांनी आणि पुराभिलेखागारांनी राजांचे फर्मान व कंपन्यांचे ताळेबंद जपले; घरगुती दुकानांच्या खतावण्या, बिजके, गिऱ्हाइकांची पत्रे आणि कारागिरांना दिलेल्या आगाऊ रकमांच्या चिठ्ठ्या मात्र रद्दीत गेल्या. त्या चिठ्ठ्यांवर घूर्णीच्या पालांची आणि मुर्शिदाबादच्या भास्करांची नावे होती. पाटीवर ती कधीच आली नाहीत. जी कुटुंबे अजून हा व्यवसाय करीत आहेत, त्यांच्या वह्या मागून घ्याव्यात, त्यांच्या वडीलधाऱ्यांची स्मृती टिपून ठेवावी, हे काम फार खर्चाचे नाही. परंतु ते उद्यावर टाकण्यासारखेही नाही. एका वाण्याचे नाव घाटाने अडीचशे वर्षे जपले, तो योगायोग होता. पुढच्या नावांच्या बाबतीत योगायोगावर विसंबून राहणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही.